शेंदराखालचा नंबर

बन्सीधरनं अंगणात जी वस्तू उभी केली होती ती मोटार आहे, हे सेलूत दोनच माणसांना मान्य होतं. एक खुद्द बन्सीधर, आणि दुसरा लिंबाजी कूलरवाला, ज्यानं तिचा पत्रा ठोकला होता. बाकी गल्लीत मतभेद होते. कुणी म्हणे नाव आहे, येलदरीच्या धरणात सोडणार आहेत. कुणी म्हणे जिनिंगसाठी काहीतरी यंत्र केलंय, सरकी वेगळी काढायचं. समोरचे सिताराम गुरुजी रिटायर्ड हेडमास्तर, त्यामुळे त्यांना मत देण्याआधी तपासणी करायची सवय. त्यांनी चष्मा पुसला, गाडीला एक प्रदक्षिणा घातली आणि म्हणाले, "बन्सीधरराव, दारं दोनच, शिटा दोनच, छत तर मुळातच न्हाई. पत्रा कमी पडला का?"

"गुरुजी, ही स्पोर्ट कार हाय. हिला छत नसतंच."

"अन् ऊन?"

"ऊन लागतं."

"मंग घरी बसलेलं काय वाईट?"

मे महिन्यात परभणी जिल्ह्यात ह्यावर कुणाकडेच उत्तर नसतं.

बन्सीधर बांधकाम खात्यात ट्रेसर होता. म्हणजे काय, तर साहेबांनी काढलेल्या नकाशावर पारदर्शक कागद ठेवायचा आणि त्याच रेघा पुन्हा ओढायच्या. अठरा वर्षं त्यानं हे केलं. जिल्ह्यातल्या कितीतरी पुलांच्या आणि शाळाखोल्यांच्या रेघा त्याच्या हातच्या होत्या, पण नकाशा साहेबांचा, पूल ठेकेदाराचा आणि उद्घाटन पुढाऱ्याचं. त्यात त्याचं असं काही नव्हतं. मग एकदा रद्दीत एक इंग्रजी मासिक सापडलं. त्यात गोरा माणूस लांब नाकाच्या लाल गाडीशेजारी उभा होता आणि खाली लिहिलं होतं की ही त्यानं घरी जोडली. बन्सीधरला वाटलं, हा गडी अंगात बनियन घालून करू शकतो तर आपण का नाही? सरकारी लिलावात एक मोडकी जीप मिळाली. तिची चौकट ठेवली, वरचं सगळं काढून टाकलं आणि लिंबाजीला चित्र दाखवलं.

लिंबाजीनं जन्मात कूलरशिवाय काही केलं नव्हतं. त्यानं गाडीचं नाक मात्र फार देखणं काढलं, ह्यात वाद नाही. पण हाताला सवय असते. दोन्ही दारांना त्यानं आडव्या फटी पाडल्या, हवा खेळती राहावी म्हणून. तळाला एक भोक ठेवलं.

"हे कशाला लिंबाजी?"

"पाणी काढाया लागतंय की मालक. न्हाईतर सडतोय पत्रा."

एवढ्यावर भागलं असतं. पण गाडी करण्यामागं खरं कारण होतं ते ताडकळसला.

ताडकळसला बन्सीधरचे सासरे राहत. आबासाहेब. साठ एकर काळी जमीन, गावात पहिला ट्रॅक्टर त्यांचा, आणि मिशीला पीळ असा की बोलायच्या आधी माणूस दोन पावलं मागं सरे. लग्नाला चौदा वर्षं झाली, तरी जावई नेमकं करतो काय हे त्यांना पटलेलं नव्हतं. कुणी विचारलं की सांगत, "हायेत सरकारात. दुसऱ्याच्या रेघंवर रेघ वढतेत." हे काही ते रागानं म्हणत नसत. त्यांना खरंच तसंच वाटे आणि बन्सीधरच्या काळजाला तेच जास्त लागे.

मागच्या अधिक महिन्यात तर कहर झाला होता. अधिकात जावयाला विष्णूच्या जागी मानून सासुरवाडीला धोंडे खायला बोलावतात, तांब्याच्या ताटात अनारसे आणि वर दिवा ठेवून वाण देतात. असा मान तीन वर्षांतून एकदाच. बन्सीधर आणि त्याची बायको कोकिळा एसटीनं निघाली, ती बस पूर्णेच्या अलीकडंच बंद पडली. शेवटी कुणाच्या तरी कडब्याच्या गाडीवर बसून विष्णू भगवान सासऱ्याच्या दारात उतरले. केसात कडबा, पांढऱ्या शर्टला वंगण. आबासाहेबांनी पाहिलं आणि गड्याला हाक मारली, "कडबा आलाय रे, उतरून घ्या." सगळा वाडा हसला. कोकिळा आत जाऊन रडली.

म्हणून अठ्ठ्याऐंशी सालचा अधिक ज्येष्ठ लागला तसं बन्सीधरनं आंतर्देशीय पत्र टाकलं: गाडीने येत आहोत. आठ दिवसांनी आबासाहेबांचं उत्तर आलं. अख्ख्या कार्डावर एकच शब्द होता: "कोणाच्या?"

ते कार्ड बन्सीधरनं कोकिळाला दाखवलं नाही. तिनं ते आधीच वाचलं होतं.

"अहो," ती म्हणाली, "ह्या खेपेला गाडीनं न्हाई गेलं तर मी माहेराला जायची न्हाई. तीन वर्सांनी बघू."

आता गाडी रस्त्यावर काढायची तर पासिंग पाहिजे, पासिंगला फॉर्म पाहिजे आणि फॉर्ममध्ये रकाने असतात. बन्सीधरनं आयुष्यभर दुसऱ्यांच्या अर्जांतल्या चुका पाहिल्या होत्या, त्यामुळे त्याला फॉर्मची भीती नव्हती. पण 'उत्पादकाचे नाव' ह्या रकान्याशी तो थबकला. मग छाती काढून स्वतःचं नाव लिहिलं.

आरटीओच्या खिडकीतल्या कारकुनाचं नाव दत्तराव. स्वभावानं देवमाणूस, पण रकाना रिकामा दिसला की त्याला झोप येत नसे. तो म्हणाला, "उत्पादकाचा दाखला जोडा."

"उत्पादक मीच हाय."

"मग तुमचाच जोडा. की ही गाडी तुमी बनवून तुमाला दिली. अन् तुमाला मिळाली म्हणून तुमची पोच."

बन्सीधरनं घरी जाऊन दोन कागद लिहिले. एकात त्यानं स्वतःला गाडी सुपूर्द केली आणि दुसऱ्यात ती सुस्थितीत मिळाल्याबद्दल स्वतःचे आभार मानले. दत्तरावानं दोन्ही सह्या भिंगाखाली ताडून पाहिल्या.

"दोन्ही सह्या सारख्याच दिसायल्यात," तो संशयानं म्हणाला.

बन्सीधरच्या मागं रांगेत उभ्या ट्रकवाल्यांनी आरडाओरडा केला म्हणून बरं, नाहीतर त्याला तिथंच स्वतःविरुद्ध साक्ष द्यावी लागली असती. कागद घेतले गेले. 'आसनक्षमता दोन' वाचून दत्तराव हळहळला, "मातोश्री कुठं बसणार?" आणि हाच प्रश्न पुढं आठ दिवस गल्लीत फिरत राहिला. बन्सीधरच्या मातोश्री सरजाबाईंना मात्र त्याची फिकीर नव्हती. त्या म्हणत, "मला त्या भांड्यात बसायचंच न्हाई."

तपासणीचा कॅम्प महिन्यातून एकदा सेलूला, मार्केटच्या मैदानात लागे. ह्या महिन्यात तो शनिवारी होता आणि अधिक संपत होता मंगळवारी. म्हणजे ही गाठ चुकली की तीन वर्षं गेलीच.

शनिवारी सकाळी नवाच पेच उभा राहिला. बिननंबराची गाडी सरकारी रस्त्यावर चालवायची कशी? गुरुजींनी नियम काढून दाखवला की यंत्रानं चालवता येत नाही. ओढून नेण्याबद्दल त्यात काही लिहिलेलं नाही. झालं. शेजारच्या आश्रुबाची बैलजोडी आली. लाल भडक, लांब नाकाची, शहामृगासारखी मान पुढं काढलेली स्पोर्ट कार दोन खिलारी बैलांच्या मागं निघाली आणि आत बन्सीधर ताठ बसून स्टिअरिंग फिरवत होता. वास्तविक बैल जातील तिकडं गाडी जाणार होती. पण हात स्वस्थ ठेवून बसणं त्याला जास्त लाजिरवाणं वाटत होतं.

"सायेब, ॲव्हरेज किती देती?" चहाच्या टपरीवरून कुणीतरी विचारलं.

"पेंडीवर अवलंबून हाय," आश्रुबानं परस्पर उत्तर दिलं.

मैदानात मोटार निरीक्षक खुर्ची टाकून बसले होते. धिप्पाड माणूस, कपाळावर शेंदराचा ठसठशीत टिळा, समोर शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा, कारण शनिवारचा उपास. त्यांनी गाडीकडं बराच वेळ पाहिलं. मग उठले. ब्रेक पाहिले, दिवे पाहिले. हॉर्न दाबला तर डावा इंडिकेटर लागला. दारांच्या फटींत त्यांनी हात घालून पाहिला.

"हे काय?"

"हवेसाठी, साहेब."

"छप्पर नाही आणि हवा यायला दारात फटी?"

लिंबाजी मागून म्हणाला, "उन्हाळ्यात पाणी मारलं की गार लागतंय साहेब." बन्सीधरनं त्याचा पाय दाबला.

तरीपण निरीक्षकांनी मैदानात एक चक्कर मारली, दोनदा करकचून ब्रेक लावला आणि गाडी जागच्या जागी थांबली. त्यांचा चेहरा खुलला. "काम पक्कं आहे," ते म्हणाले. बन्सीधरच्या डोळ्यांत पाणीच यायचं बाकी होतं. "आता फक्त चेसिस नंबर दाखवा. लिलावाच्या कागदावरचा आणि लोखंडावरचा जुळला की झालं."

बन्सीधर खाली वाकला आणि तसाच राहिला.

त्याचं असं झालं होतं. गेल्या खंडेनवमीला घराघरांत हत्यारं पूजली गेली. कुणी विळा, कुणी नांगर, कुणी शिलाई मशीन. बन्सीधरच्या घरी तेव्हा गाडीची नुसती चौकट होती, तर सरजाबाईंनी तिच्या उजव्या टोकाला तेल-शेंदराचं बोट लावलं, हळद वाहिली, नारळ फोडला. इथपर्यंत ठीक. पण लाल लोखंड अंगणात पडलेलं दिसल्यावर येणारीजाणारी बाई हात कसा जोडणार नाही? गल्लीतल्या चतुराबाईनं पहिल्या शनिवारी तेल घातलं. तिच्या सुनेला दिवस गेले. मग काय विचारता! दर शनिवारी तेल आणि शेंदूर, शेंदूर आणि तेल. आठ महिन्यांत त्या टोकाला बोटभर जाडीचं गुळगुळीत कवच चढलं होतं आणि त्याला कुणीतरी चांदीचे डोळेही लावले होते. रोज ऑफिसला जाताना बन्सीधर स्वतः तिथं हात जोडायचा. पण त्याच्या खाली नंबर आहे, हे त्या भक्तीच्या भरात त्याच्या साफ ध्यानातून गेलं होतं.

निरीक्षकही वाकले. डोळे दिसताच त्यांनी पायातले बूट काढले.

"अहो, हा तर मारुती!"

"साहेब, त्याच्याखाली नंबर हाय."

"असेल. पण मी शनिवारी शेंदूर खरवडणार नाही. कागदावर मी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय सही करणार नाही आणि मारुतीला मी हात लावणार नाही. आता काय करायचं ते तुम्ही बघा. चारला मी उठतो."

लिंबाजीनं पत्रा खरवडायची पट्टी काढली, पण चतुराबाई मधे उभी राहिली. ती बैलांच्या मागं मागं मैदानापर्यंत आली होतीच. "हात लावून तर बघ! माझ्या नातवाचा देव हाय तो!" ट्रकवाले गोळा झाले. दोन तट पडले. एक म्हणे खरवडा, दुसरा म्हणे गावावर संकट येईल. बरोबर आलेल्या गुरुजींनी सुचवलं की शेजारी दुसरा नंबर कोरावा. तर निरीक्षकांबरोबर कॅम्पला आलेला दत्तराव म्हणाला, त्याला वेगळा फॉर्म आहे आणि तो मुंबईहून येतो.

बन्सीधर चाकाला टेकून जमिनीवर बसला. तीन वाजायला आले होते. कोकिळानं घरून डबा आणला होता, तो तिनं उघडलाही नाही. ती एवढंच म्हणाली, "जाऊ द्या. मी दादांना कळवते तब्येत बरी न्हाई म्हणून." दादा म्हणजे तिचे वडील, आबासाहेब. ते ऐकून त्याला जो काय कढ आला तो बैल, दत्तराव आणि कडबा ह्या तिन्हींनी मिळून आला नव्हता.

तेवढ्यात सरजाबाई आल्या. कुणीतरी जाऊन सांगितलं असणार. त्यांनी लेकाकडं पाहिलं, सुनेकडं पाहिलं आणि मग सगळ्या मैदानाला झापायला सुरुवात केली.

"लाजा वाटंनात तुमाला? देवाचं कवच उतरवत न्हाईत का कुठं? आमच्या माहेरच्या मारुतीचं कवच माझ्यादेखत उतरवलंय. खरवडायचं नस्तंय, वाजवत-गाजवत उतरवायचं असतं. कढत तेल घालायचं, नाव घ्यायचं, त्यो आपसूक सोडतोय. मंग न्यायचं अन् नदीत सोडायचं. हलगी आणा रे कुणीतरी!"

त्यांच्यापुढं कुणाचं काय चालतंय! पाच मिनिटांत हलगी आली. चहावाल्यानं स्टोव्हवर तेल तापवलं. चतुराबाईला पहिला मान दिल्यामुळं ती एकदम पुढारीण झाली आणि इतर बायांना दामटू लागली. सरजाबाई पळीपळीनं कढत तेल सोडत होत्या, लिंबाजी बाजूनं सुती कापड लावून दाबत होता, ट्रकवाले मारुतीचा जयजयकार करत होते आणि निरीक्षक लाडवांचा डबा बंद करून अनवाणी पायांनी टाळ्यांवर ताल धरून उभे होते. अर्ध्या तासात ते कवच डोळ्यांसकट सबंध सुटून सरजाबाईंच्या पदरात आलं. हलगी अशी कडाडली की आश्रुबाचे बैल मार्केटच्या फाटकाबाहेर गेले आणि आश्रुबा त्यांच्या मागं.

खाली लोखंड तांबूस, तेलकट. आकडे होते, पण पुसट. निरीक्षक चष्मा लावून वाकले. "एक, सात, सात... हा तीन की आठ? कागदावर आठ आहे. मला तर तीन दिसतोय. तीन असेल तर ही दुसरीच गाडी झाली."

बन्सीधर उठला. खिशात पेन्सिल होती. ती नव्हती असा दिवस त्याच्या नोकरीत गेला नव्हता. गाडीत ठेवलेल्या ऑफिसच्या पिशवीतून त्यानं पारदर्शक कागदाचा तुकडा काढला, लोखंड रुमालानं कोरडं केलं, कागद ताणून बसवला आणि पेन्सिल आडवी धरून हलक्या हातानं फिरवू लागला. पहिल्यांदा एक आला, मग दोन्ही सात. अठरा वर्षं दुसऱ्याच्या रेघा उचलून उचलून त्या बोटांना जे कळत होतं ते डोळ्यांना कळणार नव्हतं. कागदावर हळूहळू चौथा आकडा उमटला. दोन्ही पोटं गच्च मिटलेला, स्वच्छ आठ.

निरीक्षकांनी तो कागद उन्हात धरला. "वीस वर्षं नंबर बघतोय," ते म्हणाले, "एवढी सुरेख छाप मी पाहिलेली नाही. हा कागद तुम्ही काढलात?"

"ट्रेसर हाय, साहेब," बन्सीधर म्हणाला आणि हे सांगताना त्याला पहिल्यांदाच मान खाली घालावीशी वाटली नाही.

सही झाली. चारला पाच मिनिटं कमी होती.

सोमवारी पहाटे निघून, मानवतच्या पुढं एकदा आणि परभणीत दोनदा थांबून, बन्सीधर आणि कोकिळा अकराच्या सुमाराला ताडकळसला पोचले. दोघं उन्हानं गाडीएवढीच लाल झाली होती. सासूबाई नर्मदाबाईंनी भाकरतुकडा ओवाळला. आबासाहेब ओसरीवर उभे होते. ते खाली आले, गाडीभोवती फिरले, मिशीवरून हात फिरवला आणि आत निघून गेले. जेवणात पुरणाचे धोंडे होते, तूप होतं, दिव्याचं वाण होतं, पण बन्सीधरला कशाची चव कळली नाही. कोकिळा दाराआडून वडिलांच्या तोंडाकडं बघत होती.

हात धुतल्यावर आबासाहेबांनी फेटा बांधला. "आज बाजार हाय. पान खाऊन येऊ."

"चला," बन्सीधर म्हणाला. पायीच जायचं असं त्याला वाटलं. आबासाहेब सरळ जाऊन गाडीत बसले.

बाजार म्हणजे अख्खी पंचक्रोशी. मिरच्यांचे ढीग, दोरखंडं, शेळ्या, गाडग्या-मडक्यांची रांग, आणि त्यातून ती लाल गाडी गोगलगाईच्या वेगानं चाललेली. लोक बाजूला होत, वाकून बघत, रामराम घालत. आबासाहेब समोर बघत ताठ बसले होते. आणि मधोमध, मिरच्यांच्या ढिगांपाशी, गाडीनं दोन आचके दिले आणि बंद पडली.

बन्सीधरनं चावी फिरवली. काही नाही. पुन्हा फिरवली. लोकांचं कोंडाळं झालं. मागून कुणीतरी खुसकन हसलं. आता आबासाहेब काय बोलणार ते बन्सीधरला शब्दाशब्दासह ऐकू यायला लागलं. उद्या ते कोकिळाच्या कानावर जाईल, परवा सेलूला पोचेल. त्यानं स्टिअरिंग घट्ट धरून डोळे मिटले.

दार उघडल्याचा आवाज आला. आबासाहेब उतरले होते. त्यांनी धोतराचा काचा मारला, मागं गेले, आणि ज्यांनी जन्मात कुणाच्या पुढं मान वाकवली नव्हती त्यांनी त्या लाल पत्र्याला खांदा लावला.

"बघता काय रे, तमाशा हाय का?" ते लोकांवर गरजले. "लावा हात! आमच्या जावयानं सोताच्या हातानं केल्याली गाडी हाय ही! हाय का तुमच्यात कुणाचा जावई असला? लावा हात मनलो ना!"

वीसपंचवीस हात लागले. गाडी हलली, पळाली, गचका बसला आणि इंजिन असं फडफडून सुरू झालं की शेळ्या दावी तोडून पळाल्या. बन्सीधरची थांबायची छाती होईना. थांबली तर पुन्हा लागेल ह्याचा काय नेम? त्यानं आरशात पाहिलं. आबासाहेब मागून पळत येत होते. फेटा सुटून गळ्यात आला होता आणि मिशीखाली सगळे दात दिसत होते.

"थांबू नका, जावईबापू!" ते धापा टाकत ओरडत होते. "माझी काळजी करू नका! आणखी एक चक्कर मारा, सरपंचाच्या दारावरून! अन् हळू जा, लोकायला नीट दिसू द्या!"

बन्सीधरनं गियर खाली टाकला आणि गाडी सरपंचाच्या घराकडं वळवली.